अनुभव येत नाही म्हणजे श्रद्धा उणी आहे का?

खाडीपलीकडचा (मूळ गाव मालवण तालुका, मुक्काम डोंबिवली)

नमस्कार. आमच्या ग्रामदेवतेच्या जत्रेला आम्ही सारे भाऊबंद दरवर्षी गावी जातो. यंदा जत्रा आटोपल्यावर घरात जो वाद झाला, तो मनातून जात नाही, म्हणून येथील जाणत्यांपुढे मांडतो आहे.

माझ्या आत्येच्या अंगात देवीचा अवसार येतो. ढोलाचा ताल चढू लागला की ती आधी डोळे मिटते, मग तिची उजवी मूठ थरथरू लागते, अंबाडा सुटतो आणि एरवी गुडघेदुखीने पायरी चढताना कण्हणारी ही बाई देवळाच्या चौकात ताठ उभी राहते. मानकरी गाऱ्हाणे घालतात, मागे उभे असलेले सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ देतात आणि लोक एकेक करून आपली अडचण तिच्यापुढे ठेवतात. अवसार उतरला की तीच आत्या ओसरीवर टेकून पाणी मागते आणि पेजेत मीठ घातलेस का, असे सुनेला विचारते. मधले काही तिला आठवत नाही.

मला मात्र आजवर काहीही जाणवलेले नाही. गाभाऱ्यासमोर हात जोडून उभा राहिलो तरी परतीच्या गाडीचे आरक्षण निश्चित झाले असेल का, हाच विचार मनात येतो. यंदा घरदुरुस्तीसाठी देवाला कौल लावला, तो डावा, म्हणजे नकाराचा पडला. त्यावर थोरले चुलतभाऊ सर्वांसमोर म्हणाले, “तुझा भाव कमी पडतो, म्हणून तुला देव दिसत नाही आणि कौलही मिळत नाही.” इकडे मुंबईला परतल्यावर कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला हा प्रकार सांगितला, तर त्याने आत्येला मनोरुग्ण ठरवून टाकले. मला दोघांचेही पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही. ज्याला अनुभव येत नाही, ज्याच्या मनात शंका येतात, त्याची श्रद्धा खोटी समजावी का? आणि आत्येला जे होते, त्याला काय म्हणावे?


निवृत्त मास्तर (रत्नागिरी)

आपल्या दादांनी जे म्हटले, तो समज कोकणापुरता नाही आणि आजचाही नाही. श्रद्धा हे जणू मूळ भांडवल आणि अनुभव हे त्यावरचे व्याज, तेव्हा व्याज आले नाही तर भांडवलातच खोट असली पाहिजे, असा हा हिशेब आहे. ज्या परंपरेच्या नावाने तो मांडला जातो, तिच्यातच त्याला आधार सापडत नाही, असे माझे वाचन मला सांगते.

गीतेपासूनच पाहू. अर्जुनाला विश्वरूपाचे दर्शन अकराव्या अध्यायात घडते. याहून मोठा अनुभव कोणता असणार? परंतु त्या दर्शनाने तो शांत होत नाही, तर भयभीत होतो आणि आपले नेहमीचे रूप पुन्हा दाखवावे, अशी विनवणी करतो. बारावा अध्याय उघडतो तो त्याच्या पुढच्या प्रश्नानेच. आपला संदेह गेला, असे तो म्हणतो ते थेट अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे. म्हणजे दर्शन आणि निःसंदेहता यांच्यात गीताकारांनी सहा अध्यायांहून अधिक अंतर ठेवले आहे आणि ते अंतर दर्शनाने नव्हे, तर संवादाने भरून काढले आहे. ज्याला एवढे दिसले त्याच्याही शंका देवाने अपमान न करता ऐकून घेतल्या, मग ज्याला काहीच दिसले नाही त्याने शंका विचारल्या म्हणून बिघडते कोठे?

पतंजलींनी तर योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात नाना सिद्धींचे वर्णन करता करताच त्या समाधीच्या मार्गातले अडथळे असल्याचे सांगितले आहे. दिव्य गंध, दिव्य नाद, दूरचे दिसणे यांना आपण साधनेचे प्रगतिपुस्तक मानतो, मात्र शास्त्रकार त्यांच्याकडे सावधपणे पाहतो. तुकोबांच्या गाथेत देवाशी कडाडून भांडणारे, त्याला निष्ठुर ठरवणारे, माझ्या लेखी देव मेला असे म्हणण्यापर्यंत जाणारे अभंग आहेत आणि ते अभंग वारकऱ्यांनी गाथेतून काढून टाकलेले नाहीत. परधर्मातले उदाहरण द्यायचे तर मदर तेरेसांचे देता येईल. त्यांची खासगी पत्रे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा या बाईंना जवळजवळ पन्नास वर्षे देवाचे सान्निध्य जाणवलेच नव्हते, हे वाचून जगभरचे भाविक चकित झाले. त्या काळात त्यांचे काम थांबले नव्हते. ज्यांना ‘अनुभव नाही म्हणजे श्रद्धा नाही’ हे सूत्र मान्य आहे, त्यांनी या पन्नास वर्षांचे काय करायचे ते सांगावे.

आपल्या मुलखातला दाखला बांद्याच्या सोहिरोबानाथ आंबियांचा आहे. अठराव्या शतकात सावंतवाडी संस्थानात कुलकर्णीपद सांभाळणारा हा गृहस्थ. सावंतवाडीला जाताना इन्सुलीच्या वाटेवर ते फणस खायला बसले असता एका अवलियाने येऊन गरे मागितले आणि त्या भेटीत त्यांना बोध झाला, अशी आख्यायिका या भागात लहान मुलेही सांगतात. लोक कथेचा एवढाच भाग सांगून थांबतात. पुढचा भाग असा की त्यांनी कारकुनी सोडली, आयुष्यभर पदे लिहिली, उत्तरेकडे भ्रमण केले आणि अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको, असे लोकांना सांगत राहिले. ज्याला एका भेटीत सारे लाभले म्हणतात, तोच मनुष्य दिवा जपावा लागतो असे सांगतो, हे मला त्या फणसापेक्षा महत्त्वाचे वाटते.

आणखी एक समज येथेच खोडून काढतो. अनुभव आलेली व्यक्ती आपोआप सज्जन होते, असे मानले जाते. तसे काही होत नाही. अवसार येणारी माणसेही सातबाऱ्यावरच्या नावासाठी सख्ख्या भावाविरुद्ध कोर्टात उभी राहतात आणि आपल्या कोकणात हे काही कोणाला पुरावे देऊन सांगावे लागत नाही.


तालुक्याचा डॉक्टर (सिंधुदुर्ग)

आत्येविषयीच्या प्रश्नापुरते लिहितो, कारण त्यावर मला रोजच्या कामातून बोलता येते.

आपल्या सहकाऱ्याचे मत वैद्यकशास्त्राचे मत आहे, असे समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अंगात दुसऱ्या कोणाचा संचार झाल्यासारखी अवस्था होणे, हा विकार म्हणून तिच्यात नोंदलेला आहे, परंतु तो ठरवण्याच्या अटीही तेथेच दिल्या आहेत. ती अवस्था व्यक्तीला नकोशी आणि तिच्या इच्छेविरुद्ध येणारी असली पाहिजे, तिच्यामुळे व्यक्तीला मोठा त्रास किंवा तिच्या जगण्यात अडथळा होत असला पाहिजे आणि मुख्य म्हणजे समाजाने स्वीकारलेल्या सामूहिक धार्मिक वा सांस्कृतिक प्रथेचा ती भाग नसली पाहिजे. जत्रेच्या दिवशी, देवळाच्या चौकात, ठरलेल्या तालावर येणारा आणि ठरल्या वेळी उतरणारा अवसार या व्याख्येत बसत नाही. उपवास, जागरण, गर्दी, ढोलाचा एकसारखा ठेका आणि लहानपणापासून पाहिलेला प्रसंग यांमुळे मनाचे लक्ष एका ठिकाणी आकुंचित होते आणि आपले हातपाय आपण हलवत नसून कोणी हलवते आहे, असे वाटू लागते. मानवी मनाची ही क्षमता जगातल्या अनेक समाजांत आढळते. या खुलाशाने देवीचे असणे सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही. तो प्रश्न माझ्या दवाखान्यातला नाही.

मात्र ढोल नसताना, घरात एकटी असताना, रात्री झोपेत असा प्रकार होऊ लागला, जीभ चावली गेली, कपड्यांत लघवी झाली, किंवा बाळंतपणानंतर एखाद्या मुलीला कानात आवाज ऐकू येऊ लागले, तर त्याला अवसार म्हणून देवळात नेऊन बसवू नये. अपस्मार (फिट येण्याचा आजार) आणि तीव्र मानसिक आजार यांवर चांगली औषधे आहेत आणि उशीर झाला तर नुकसान रुग्णाचे होते.

दुसरा गैरसमज असा की श्रद्धा ठेवायची तर औषध हे अविश्वासाचे लक्षण ठरते. आपल्याकडे फुरसे हा विषारी साप चावण्याचे प्रमाण मोठे आहे. पूर्वी अशा रुग्णाला आधी मांत्रिकाकडे नेत आणि बरेच रुग्ण वाचतही, त्यामुळे मंत्राची कीर्ती वाढे. त्यामागचे कारण असे की पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. ज्याच्या अंगात विष भिनलेले नाही, तो मंत्राने वाचतो आणि मंत्राविनाही वाचतो. ज्याच्या अंगात भिनले आहे, त्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालणारी प्रतिविष लसच लागते. विंचवाचेही तसेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर येणारा ताण प्रॅझोसिन या औषधाने आवरता येतो हे दाखवून दिले आणि त्यामुळे कोकणातली कित्येक माणसे वाचली. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दलही गावात चुकीची समजूत आहे. तो देवपूजेच्या विरोधात आहे, असे लोक सांगतात. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन यांना त्यात स्पष्टपणे मुभा आहे.


चिकित्सक (चिपळूण)

मास्तरांचे लेखन वाचायला गोड आहे, परंतु त्यात एक पळवाट आहे. अनुभव हा श्रद्धेचा मापदंड नाही असे म्हणताच श्रद्धा कोणत्याही तपासणीच्या बाहेर जाते. कौलाचेच घ्या. दगडावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी आधी पडते की डावी ते पाहायचे. पाकळीला किती पाणी लागले आहे, देठाकडचा भाग वर आहे की खाली, समईची धग कोणत्या बाजूने लागते, यावर ते ठरणार. उजवा कौल मिळून काम झाले तर ते पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते आणि उजवा कौल मिळूनही काम फसले तर देवाच्या सेवेत काही चुकले असेल असे म्हणून तो प्रसंग विसरला जातो. अशा हिशेबात देव कधीच चुकत नाही. चुकतो तो माणूस. या प्रश्नकर्त्यावर नेमके तेच ओढवले आहे. पाकळी डावी पडली आणि दोष त्याच्या भक्तिभावाला लागला.

अवसार हा आजार नाही, हे डॉक्टरांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु त्या अवस्थेत उच्चारलेले वाक्य गाव आज्ञा म्हणून पाळते, ही खरी अडचण आहे. शेजारच्या घरातल्या विधवेने करणी केली, असे एकदा चौकात उच्चारले गेले की त्या बाईचे गावातले जगणे कठीण होते आणि उच्चारणारीला तर नंतर काही आठवतही नसते, म्हणजे जबाबदार कोणीच नाही. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०१-०२ मध्ये एडिंबरा येथे दिलेल्या व्याख्यानांत याविषयी एक स्वच्छ रेघ ओढली होती. गूढ अनुभव ज्याला येतो त्याच्यापुरता तो प्रमाण असू शकतो, परंतु इतरांनी तो न तपासता स्वीकारावा असे कोणतेही बंधन त्यातून निर्माण होत नाही. माझी मागणी यापेक्षा जास्त नाही. आम्ही मंडळी देवाधर्माचे वैरी आहोत, हाही एक गैरसमजच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपला विरोध देवाधर्माला नसून त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असे सतत सांगत होते आणि तरीही शेवटपर्यंत त्यांच्यावर धर्मद्रोहाचा आरोप होत राहिला.


निवृत्त मास्तर (रत्नागिरी)

चिकित्सकांचा मुद्दा रास्त आहे आणि जेम्सची रेघ मलाही मान्य आहे. श्रद्धेची तपासणी नको, असे मला म्हणायचे नाही. तपासायचेच असेल तर माणसाला चौकात काय दिसले हे न पाहता, घरी परतल्यावर तो शेजाऱ्याशी कसा वागतो ते पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कौलाबाबत मात्र थोडा फरक करतो. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा पंचांगातल्या ठरावीक तिथीला नसते. देवीचा कौल घेऊन तिची तारीख ठरते आणि एकदा ठरली की त्यावर वाद होत नाही. बारा-पाचाच्या मानकऱ्यांत, भावकी-भावकीत एकमत होणे किती दुष्कर असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या पद्धतीचे शहाणपण कळेल. तारीख कोणतीही चालण्यासारखी असते आणि कोणाही एकाच्या शब्दाने ती ठरलेली नसते, म्हणून ती सर्वांची होते. हीच रीत घरदुरुस्तीला, मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला लावली की ती बिघडते, कारण तेथे एक उत्तर बरोबर आणि दुसरे चूक असते. आपल्या घराच्या वाशाला वाळवी लागली आहे की नाही, हे सुताराला विचारावे. देवाला त्या कामात ओढण्याचे कारण नाही.


समुद्रालगतची (अलिबाग)

मास्तरांनी परधर्माचे उदाहरण दूरचे दिले, म्हणून जवळचे एक सांगते. आमच्या अलिबागेजवळ नवगावला आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, असे मानणारा बेने इस्राएल समाज शतकानुशतके आमच्याच गावांत मराठी बोलत राहिला. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. जगातल्या इतर यहुद्यांशी दीर्घकाळ संबंध नाही, धर्मग्रंथ हाताशी नाही, अशा अवस्थेत त्यांनी शनिवार पाळला, मुलांची सुंता केली, खाण्यापिण्याचे नियम सांभाळले आणि शमा ही एक प्रार्थना तोंडपाठ ठेवली. यांतल्या बहुतेकांना साक्षात्कार झाला असेल असे मला वाटत नाही आणि सिद्धान्त तर त्यांना कोणी शिकवलेलेच नव्हते. श्रद्धा म्हणजे आधी काही विधाने मनोमन पटणे आणि मग त्याप्रमाणे वागणे, असा जो क्रम आपण गृहीत धरतो, तो त्यांच्याबाबतीत उलटा दिसतो. वागणे टिकले आणि बाकीचे मागाहून आले.

दर्शनाची कथा त्यांच्याकडेही आहे. अलिबागेजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषितांचे स्थान आहे आणि त्यांच्या रथाच्या खुणा तिथल्या खडकावर उमटल्या, असे ते मानतात. नवस फेडायला पोहे, खोबरे आणि फळे घालून मलिदा करतात. आता त्यांतले बहुतेक जण इस्राएलला गेले आहेत, पण तिकडून येणारी कुटुंबे खंडाळ्याला गेल्याशिवाय परतत नाहीत. तेव्हा आपण जत्रेला दरवर्षी जाता, गाऱ्हाण्याच्या वेळी उभे राहता आणि आरक्षणाचा विचार मनात असूनही हात जोडता, याला श्रद्धा म्हणायला मला काही अडचण वाटत नाही.


खाडीपलीकडचा (डोंबिवली)

सर्वांचे मनापासून आभार. दादांशी वाद घालण्याची आता गरज वाटत नाही. सुताराला मात्र बोलावले आहे.

डॉक्टरांना एक विचारायचे राहिले. आत्येला मधुमेह आहे आणि ती रोज गोळ्या घेते. जत्रेच्या दिवशी ती कडक उपवास करते, परंतु गोळी चुकवायची नाही म्हणून सकाळी घेतेच. यंदा अवसार नेहमीपेक्षा लवकर आला आणि उतरल्यावरही ती बराच वेळ घामाने भिजलेली आणि गोंधळलेली होती. घरच्यांनी देवीचा कोप झाला असेल म्हणून नारळ ठेवला. याचा काही संबंध असू शकतो का?


तालुक्याचा डॉक्टर (सिंधुदुर्ग)

संबंध असू शकतो आणि तो तातडीने तपासला पाहिजे. मधुमेहाच्या काही गोळ्या पोट रिकामे असले तरी साखर खाली ओढत राहतात. साखर फार उतरली की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि पुढे बेशुद्धही होऊ शकतो. ढोल वाजत असताना हे झाले तर त्यातला थरकाप कोणता आणि अवसार कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे मलाही कठीण जाईल. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती कमी करायची किंवा टाळायची, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

पुढच्या जत्रेला घरातल्या एकाने साखर मोजण्याचे छोटे यंत्र जवळ ठेवावे. घाम आणि गोंधळ दिसला तर आधी बोट टोचून पाहावे. साखर ७० च्या खाली असेल आणि ती गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. यंत्र हाताशी नसेल, पण ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर न मोजताही साखरेचे किंवा गुळाचे पाणी द्यावे. उपवास मोडतो की काय, अशी शंका आत्येला आली, तर देवीच्या गुरवांकडूनच तिला आधी सांगून ठेवावे, कारण माझ्यापेक्षा त्यांचे ती लवकर ऐकेल.